टिटॅनियम किती घातलं यापेक्षा ते कुठे बसलं

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे. सोल-जेल पद्धतीने (द्रावणातून आधी जेल आणि मग घन पदार्थ करून) टिटॅनिया-सिलिकाचे, म्हणजे टिटॅनियम आणि सिलिकॉन यांच्या मिश्र ऑक्साइडचे, चार नमुने केलेत: टिटॅनियम १०, २०, ३० आणि ५० मोल टक्के. ५०० अंश सेल्सिअसला भाजल्यावर पहिल्या तिन्हींच्या एक्सआरडीत (स्फटिक ओळखणाऱ्या क्ष-किरण विवर्तनात) एकही शिखर नाही, आयआरमध्ये (बंधांची कंपनं दाखवणाऱ्या अवरक्त वर्णपटात) ९६० प्रति सेंटीमीटरपाशी पट्टा आहे आणि बीईटी क्षेत्रफळ, म्हणजे वायू शोषून मोजलेलं पृष्ठभागाचं क्षेत्रफळ, उत्तम आहे. यावरून टिटॅनियम सिलिकाच्या जाळ्यात नीट बसलं असं तुम्ही धरलंत. पण हायड्रोजन पेरॉक्साइड घेऊन सायक्लोहेक्झीनचं एपॉक्सिडेशन (दुहेरी बंधावर ऑक्सिजन जोडून तीन अणूंचं वलय करणं) केल्यावर एपॉक्साइड जेमतेम मिळालं. डायॉल (दोन हायड्रॉक्सिल गटांचं संयुग), सायक्लोहेक्झेनॉल आणि सायक्लोहेक्झेनोन यांचंच प्रमाण जास्त, आणि पेरॉक्साइड मात्र पार संपलेलं. मिथिलीन ब्ल्यूच्या प्रकाश-विघटनात ५० टक्क्यांचा नमुना सगळ्यांत पुढे गेला. मग यातलं सर्वोत्तम प्रमाण कोणतं?

सर्वोत्तम असं एक प्रमाण नाही, आणि तुमचे निकाल एकमेकांना खोडतही नाहीत. या दोन अभिक्रियांना टिटॅनियमची दोन वेगवेगळी रूपं लागतात. एपॉक्सिडेशनला एकटं, चारी बाजूंनी सिलिकॉनने वेढलेलं टिटॅनियम हवं, तर प्रकाश-उत्प्रेरणाला टिटॅनियम एकत्र येऊन झालेले टिटॅनियाचे छोटे स्फटिक हवेत. बाटलीवर लिहिलेला टक्का या दोहोंतलं काय तयार झालं ते सांगत नाही. म्हणून तुमचा खरा प्रश्न मी असा मांडते: माझ्या नमुन्यात टिटॅनियमच्या शेजारी कोण बसलंय, आणि ते मला कसं कळेल?

एक गोष्ट आधीच सांगते. किती टक्क्यांपर्यंत टिटॅनियम एकटं राहतं हे पाणी कधी आणि किती घातलं, माध्यम किती आम्लधर्मी होतं, जेल कसं वाळवलं आणि भट्टीत काय हवा होती, यांवर अवलंबून असतं. एकाच १० टक्क्यांचे दोन नमुने दोन हातांनी केले तर दोन वेगळे पदार्थ निघू शकतात. त्यामुळे खाली दिलेले आकडे सीमारेषा म्हणून न घेता अंदाज म्हणून घ्या.

सिलिकामध्ये सिलिकॉनभोवती एरवी चार ऑक्सिजन असतात. टिटॅनियमला मात्र सहा ऑक्सिजन आवडतात. ॲनाटेज आणि रुटाइल या टिटॅनियाच्या दोन्ही स्फटिकरूपांत त्याच्याभोवती सहाच असतात. चौघांत बसायला ते तयार होतं, पण अवघडून. चार ऑक्सिजनांमधल्या टिटॅनियम आयनाची त्रिज्या सुमारे ०.४२ अँगस्ट्रॉम (नॅनोमीटरचा दहावा भाग), सिलिकॉनची ०.२६. टिटॅनियम-ऑक्सिजन बंध साधारण १.८ अँगस्ट्रॉमचा, सिलिकॉन-ऑक्सिजन १.६ च्या जवळ. म्हणजे सिलिकॉनच्या जागी टिटॅनियम बसवलं की जाळं त्या ठिकाणी ताणलं जातं. थोडी टिटॅनियमं दूर दूर असतील तर सिलिकाचं जाळं लवचिक असल्यामुळे हा ताण सोसतं. ती वाढली की शेजारी शेजारी येतात, ऑक्सिजन वाटून घेतात आणि सहाची सोय करून घेतात.

हा ताण सोसण्याचा गुण मला फार मोहवतो. वजनाने सुमारे ७ टक्के टिटॅनिया असलेली सिलिका काच तापमान बदललं तरी जवळजवळ प्रसरण पावत नाही, आणि हबल अवकाश दुर्बिणीचा मुख्य आरसा अशाच काचेचा आहे. तिथेही टिटॅनियम प्रामुख्याने सिलिकाच्या जाळ्यात चार ऑक्सिजनांमध्ये बसलेलं असतं. फक्त ती काच ज्योतीत घडते आणि सच्छिद्र नसते. आपल्याला तेच टिटॅनियम उघड्या पृष्ठभागावर हवं असतं.

इथेच मोल टक्के आणि वजनी टक्के यांचा घोळही निस्तरून घ्या, कारण साहित्य वाचताना तो हमखास होतो. तुमचा १० मोल टक्क्यांचा नमुना वजनाने सुमारे १३ टक्के टिटॅनियाचा आहे, ३० मोल म्हणजे वजनी ३६ आणि ५० मोल म्हणजे वजनी ५७. हटर, मॅलट आणि बायकर यांनी १९९५ मध्ये मोठ्या अल्कीनांसाठी टिटॅनिया-सिलिकाचे एरोजेल (छिद्रं न आकसू देता वाळवलेली जेल) वापरले. त्यांतला वजनी २० टक्क्यांचा एरोजेल तुमच्या मोजपट्टीवर १६ मोल टक्क्यांच्या आसपास येतो. शिवाय तो एरोजेल आहे आणि तुमचं साधं वाळवलेलं झेरोजेल, म्हणून तिथला आकडा उचलून इथे लावता येत नाही.

टिटॅनियम या पदार्थात ढोबळपणे तीन प्रकारे राहतं. पहिलं एकटं: चारी ऑक्सिजनांपलीकडे सिलिकॉन, किंवा तीन सिलिकॉन आणि एक हायड्रॉक्सिल. दुसरं टोळक्यात: दोन-चार-दहा टिटॅनियम ऑक्सिजनने जोडलेले, स्फटिक म्हणावं इतकी शिस्त नाही, भोवती पाच-सहा ऑक्सिजन. तिसरं ॲनाटेजचे बारीक कण, सिलिकात रुतलेले किंवा तिच्यावर बसलेले. चौथी अवस्था रचनेची नाही, जागेची आहे: छिद्राच्या भिंतीत गाडलं गेलेलं टिटॅनियम. ते अगदी एकटं आणि चार ऑक्सिजनांच्या सुरेख घरात असेल, पण सायक्लोहेक्झीन त्याच्यापर्यंत पोचणारच नसेल तर तुमच्या हिशेबात ते असून नसल्यासारखं.

किती टिटॅनियम एकटं राहू शकतं याचे दोन भरवशाचे संदर्भ देते. टीएस-१ हा स्फटिकरूपी टिटॅनियम सिलिकेट १९८३ च्या तारामासो, पेरेगो आणि नोतारी यांच्या अमेरिकी पेटंटमधून पुढे आला. त्याच्या जाळ्यात टिटॅनियम जेमतेम २.५ मोल टक्क्यांपर्यंतच मावतं. त्यापुढे घातलेलं जाळ्याबाहेर ॲनाटेज होऊन बसतं. दुसरा संदर्भ तयार सिलिकावर टिटॅनियम चढवण्याचा. गाओ आणि वॉक्स यांच्या गटाने नव्वदीच्या दशकाच्या अखेरीस दाखवलं, की सिलिकाच्या पृष्ठभागावर प्रति चौरस नॅनोमीटर साधारण ४ टिटॅनियम अणूंपर्यंत ॲनाटेजचे कण न होता पसरवता येतात. ३०० चौरस मीटर प्रति ग्रॅम क्षेत्रफळाच्या सिलिकावर हा हिशेब केला तर एक ग्रॅम सिलिकामागे सुमारे ०.१६ ग्रॅम टिटॅनिया होतो. मात्र पसरलेलं सगळं एकटंच असतं असं नाही. त्या वरच्या मर्यादेजवळ बरंचसं टिटॅनियम शेजाऱ्याशी जोडलेलं असतं. खरोखर एकटं हवं असेल तर त्याच्या बरंच खाली राहावं लागतं.

आता तुमच्या पुराव्यांकडे वळते. एक्सआरडीत शिखर नाही याचा अर्थ 'मोठे स्फटिक नाहीत' इतकाच. ॲनाटेजचे दोन-तीन नॅनोमीटरचे कण इतकी रुंद आणि बुटकी शिखरं देतात की ती पार्श्वभूमीत विरून जातात. त्यात तांब्याच्या क्ष-किरणांत ॲनाटेजचं मुख्य शिखर २५.३ अंशांवर येतं, आणि अस्फटिक सिलिकाचा रुंद उंचवटा २२-२३ अंशांभोवती पसरलेला असतो. म्हणजे जे शोधायचं ते नेमकं त्या उंचवट्याच्या उतारावर दडतं. ३० मोल टक्क्यांच्या नमुन्यात काही दिसत नाही म्हणून ते सगळं जाळ्यात गेलं, हा निष्कर्ष मी कधीच काढणार नाही. बारीक कण तिथे आहेत असंच धरून मी पुढच्या चाचण्या करेन.

९६० च्या पट्ट्याबद्दल जास्त सांभाळून राहा. टिटॅनियमने जोडलेल्या सिलिकॉन-ऑक्सिजन बंधाचं कंपन तिथे येतं हे खरं, पण सिलॅनॉलचा, म्हणजे सिलिकॉनवरच्या हायड्रॉक्सिलचा, पट्टाही त्याच परिसरात येतो. ज्यात टिटॅनियमचा कणही नाही अशी सिलिका तुमच्याच कृतीने करा आणि तशीच भाजा. तिथेही ९५० ते ९८० च्या दरम्यान उंचवटा दिसेल. त्याच्याशी तुलना केल्याशिवाय या पट्ट्याला पुरावा म्हणू नका. शोधनिबंधांतून हा पट्टा सर्रास 'बंध तयार झाल्याची खूण' म्हणून दाखवलेला असतो, त्यामुळे तुमचा समज तसा झाला यात नवल नाही.

मी कशावर विसंबते? सगळ्यांत आधी अतिनील-दृश्य विसरित परावर्तनावर, म्हणजे पूड कोणती तरंगलांबी शोषते हे परतलेल्या प्रकाशावरून मोजण्यावर. एकटं, चार ऑक्सिजनांमधलं टिटॅनियम २०० ते २२० नॅनोमीटरला शोषतं. २४० ते २८० मध्ये खांदा दिसला तर टोळकी किंवा पाणी धरून बसलेलं टिटॅनियम. ३०० च्या पुढे, ३३० पर्यंत शेपूट गेली की ॲनाटेज आलंच. पण नमुना निर्जल हवा, याला पर्याय नाही. मी या कामात नवीन असताना दमट हवेत आठवडाभर उघड्या ठेवलेल्या नमुन्याचा वर्णपट घेतला, पट्टा २४० च्या पुढे सरकलेला पाहिला, आणि 'टोळकी झाली' म्हणून तो नमुना टाकून दिला. नंतर त्याच कृतीचा नमुना निर्वातात तापवून, हवा न लागू देता मोजला तर पट्टा २१५ च्या जवळ होता. पाण्याचे रेणू एकट्या टिटॅनियमवरही येऊन बसतात, त्याचे चाराचे पाच-सहा करतात आणि पट्टा पुढे सरकवतात. तीन महिन्यांचं काम मी एका चुकीच्या मापावर फेकलं होतं, म्हणून हे इतक्या कळकळीने सांगते.

त्यानंतर रामन वर्णपट, म्हणजे विखुरलेल्या लेसर प्रकाशातून दिसणारी कंपनं. ॲनाटेजची १४४ प्रति सेंटीमीटरची रेषा इतकी प्रखर असते की एक्सआरडीला न दिसणारे कणही ती दाखवून देते. ३९९, ५१५ आणि ६३९ च्या रेषा सोबत असल्या की शंका उरत नाही. तुमच्या २० आणि ३० टक्क्यांच्या नमुन्यांवर ही चाचणी करा, पाच मिनिटांचं काम आहे. एक्सपीएसची (क्ष-किरणांनी पृष्ठभागातून निघणाऱ्या इलेक्ट्रॉनांची ऊर्जा मोजण्याची) सोय असेल तर टिटॅनियमच्या २पी ३/२ रेषेची जागा बघा: ॲनाटेजमध्ये ती ४५८.५ इलेक्ट्रॉन व्होल्टच्या आसपास, सिलिकाने वेढलेल्या टिटॅनियममध्ये ४६० च्या जवळ. त्याच मोजणीत पृष्ठभागावरचं सिलिकॉन-टिटॅनियम गुणोत्तरही मिळतं. ते रासायनिक विश्लेषणातल्या एकूण गुणोत्तराशी ताडून पाहिलं की किती टिटॅनियम आत गाडलं गेलंय याचा अंदाज येतो. सिंक्रोट्रॉनवर वेळ मिळाला तर टिटॅनियमच्या क्ष-किरण शोषणातलं के-कडेआधीचं ४९७० इलेक्ट्रॉन व्होल्टच्या लगतचं एकच उंच शिखर चार ऑक्सिजनांच्या घराची सर्वांत स्पष्ट साक्ष देतं. पण ते नसल्याने तुमचं काही अडत नाही.

आता आम्लता. तुमच्या डायॉलचं मूळ बहुधा इथे आहे, म्हणून इथे जरा थांबते. १९७४ मध्ये कोझो तानाबे आणि सहकाऱ्यांनी मिश्र ऑक्साइडांच्या आम्लतेचा एक सोपा हिशेब मांडला. प्रत्येक धातू आपापल्या ऑक्साइडमधली शेजाऱ्यांची संख्या टिकवतो, आणि ऑक्सिजन मात्र बहुसंख्य ऑक्साइडची रीत पाळतो, हे त्याचं गृहीतक. सिलिका जास्त असेल तर ऑक्सिजनला दोनच शेजारी, म्हणजे प्रत्येक बंधामागे उणे १ प्रभार. टिटॅनियमचे ४ धन प्रभार सहा बंधांत वाटले तर प्रत्येकी दोन तृतीयांश. बंधामागे एक तृतीयांश ऋण प्रभार उरतो, सहा बंधांचे मिळून उणे २. तो भागवायला प्रोटॉन येतात आणि ब्रॉन्स्टेड आम्ल (प्रोटॉन देणारं) तयार होतं. टिटॅनिया जास्त असेल तर ऑक्सिजनला तीन शेजारी, बंधामागे उणे दोन तृतीयांश. सिलिकॉनचे ४ प्रभार चार बंधांत, प्रत्येकी १. चारही बंधांचे मिळून अधिक चार तृतीयांश शिल्लक, म्हणजे लुईस आम्ल (इलेक्ट्रॉनजोडी घेणारं).

पाठ्यपुस्तकांत हा हिशेब इथेच थांबतो. मी विद्यार्थ्यांना तो पुढे न्यायला सांगते: सिलिकाच्या राज्यात टिटॅनियमने सहाचा हट्ट सोडून चार शेजारी पत्करले तर? चार प्रभार चार बंधांत, प्रत्येकी १, ऑक्सिजनकडून उणे १. शिल्लक शून्य. म्हणजे खरोखर एकटं, चौघांत बसलेलं टिटॅनियम या हिशेबाने ब्रॉन्स्टेड आम्ल निर्माण करत नाही. सिलिका बहुसंख्य असलेल्या नमुन्यात ब्रॉन्स्टेड आम्लता ठळक दिसत असेल, तर चारांहून जास्त ऑक्सिजन धरणारं टिटॅनियम त्यात बरंच आहे असा संशय घ्यायला हरकत नाही. पिरिडीन (आम्लजागांना चिकटणारा अल्कधर्मी रेणू) नमुन्यावर शोषून आयआर घ्या: १४४५ च्या आसपासचा पट्टा लुईसचा, १५४० चा ब्रॉन्स्टेडचा, १४९० ला दोन्ही मिसळतात, त्यावर भिस्त ठेवू नका. एकट्या टिटॅनियमकडे लुईस आम्लता असतेच, आणि पेरॉक्साइडला धरण्यासाठी आपल्याला तीच हवी असते.

या नजरेने तुमचे निकाल वाचले तर ते बरंच बोलतात. डायॉल आलं कुठून? एपॉक्साइडचं वलय आम्लावर पाण्याने उघडून. म्हणजे एपॉक्साइड तयार होत होतं, ते तुम्ही नंतर गमावलंत. टिटॅनियमने काय केलं हे मोजताना डायॉलही एपॉक्साइडच्याच खात्यात धरा; चित्र तुम्हाला वाटतंय तितकं निराशाजनक नसेल. सायक्लोहेक्झेनॉल आणि सायक्लोहेक्झेनोन वेगळ्या वाटेने येतात. ते दुहेरी बंधाशेजारच्या कार्बनवरचं, मुक्त मूलकांच्या साखळीचं काम आहे, आणि पेरॉक्साइड तुटून मूलकं निर्माण झाल्याची ती खूण आहे. टिटॅनियमची टोळकी आणि ॲनाटेज हायड्रोजन पेरॉक्साइडचं पाणी आणि ऑक्सिजन करून टाकतात, तुमचं पेरॉक्साइड बहुतेक तिथेच गेलं. खात्री करायची तर दोन छोटे प्रयोग पुरेत. शुद्ध सायक्लोहेक्झीन ऑक्साइड, द्रावक, थोडं पाणी आणि तुमचा उत्प्रेरक त्याच तापमानाला पेरॉक्साइडशिवाय ढवळा आणि किती वेळात डायॉल होतं ते बघा. दुसरीकडे सायक्लोहेक्झीनशिवाय फक्त पेरॉक्साइड आणि उत्प्रेरक घ्या आणि दर अर्ध्या तासाला आयोडोमितीने (आयोडीनच्या अनुमापनाने) शिल्लक पेरॉक्साइड मोजा. चारही नमुन्यांवर हे केलंत तर कोणता नमुना कुठे नुकसान करतो हे वेगवेगळं दिसेल.

मग ऑक्सिडक बदलायचा का? माझं मत स्पष्ट आहे: अस्फटिक टिटॅनिया-सिलिकावर जलीय हायड्रोजन पेरॉक्साइड वापरू नका. टीएस-१ ते पेलतो, कारण त्याची छिद्रं पाण्याला दूर ठेवतात आणि अल्कीनला आत घेतात. त्याच जोरावर प्रोपिलीनपासून प्रोपिलीन ऑक्साइड करणारे मोठे कारखाने चालतात. पण त्याची छिद्रं सुमारे ०.५५ नॅनोमीटरची, सायक्लोहेक्झीनला तिथे शिरणं जड जातं. म्हणून मोठ्या रेणूंसाठी रुंद छिद्रांच्या अस्फटिक किंवा एमसीएम-४१ (एकसारख्या रुंद छिद्रांची सिलिका) सारख्या सिलिकांकडे लोक वळले. त्यांच्या पृष्ठभागावर सिलॅनॉलांची गर्दी असते, पाणी आधी येऊन बसतं, टिटॅनियमची जागा अडवतं आणि हळूहळू टिटॅनियम-ऑक्सिजन-सिलिकॉन बंधही तोडतं. उद्योगाने हे फार आधी ओळखलं होतं. सत्तरीच्या दशकात शेलने अस्फटिक सिलिकावरचं टिटॅनियम प्रोपिलीन ऑक्साइडसाठी वापरात आणलं तेव्हा ऑक्सिडक म्हणून सेंद्रिय हायड्रोपेरॉक्साइड, एथिलबेंझीनचं, घेतलं. तुम्ही टर्ट-ब्युटाइल हायड्रोपेरॉक्साइड घ्या, आणि तेही डेकेनमधलं निर्जल द्रावण. ७० टक्के जलीय द्रावण घेतलंत तर पाणी मागच्या दाराने परत येईल. हायड्रोजन पेरॉक्साइडच हवं असेल तर पृष्ठभागावरचे सिलॅनॉल ट्रायमिथिलसिलिल गटांनी झाकून पाहा. त्याने फरक पडतो, किती ते नमुन्यावर ठरतं.

इथवरचा धागा: एपॉक्सिडेशनसाठी टिटॅनियम एकटं आणि पृष्ठभागावर हवं, भोवती पाणी कमी हवं, आणि तुमच्या नमुन्यांत यातलं पहिलं सिद्ध झालेलं नाही. मग ते घडवायचं कसं?

तुम्ही लिहिलंय की टीईओएस (टेट्राएथिल ऑर्थोसिलिकेट, सिलिकॉनचा अल्कॉक्साइड) आणि टिटॅनियम आयसोप्रोपॉक्साइड इथेनॉलमध्ये एकत्र करून आम्लमिश्रित पाणी एकदम ओतलं. खरी मेख या एका पायरीत आहे. टिटॅनियमचा अल्कॉक्साइड पाणी दिसताक्षणी जलअपघटित होतो. टीईओएसला त्याच कामाला तास लागतात. सिलिकॉन तयार होईपर्यंत टिटॅनियमने टिटॅनियमशीच हातमिळवणी केलेली असते, आणि एकदा झालेले ते बंध नंतर भाजून सुटत नाहीत. म्हणून आधी टीईओएसचं अर्धवट जलअपघटन करा: एका मोलला सुमारे एक मोल पाणी, थोडं आम्ल, तास-दोन तास ढवळणं. सिलॅनॉल तयार झाले आणि पाणी जवळपास संपलं की थंड केलेल्या मिश्रणात टिटॅनियम अल्कॉक्साइड आयसोप्रोपॅनॉलमध्ये पातळ करून थेंबाथेंबाने सोडा. त्याला भेटायला आता पाण्याऐवजी सिलॅनॉल असतील. आणखी खबरदारी म्हणजे टिटॅनियमला आधी तितक्याच मोल ॲसिटिलॲसिटोनने बांधून घेणं. द्रावण पिवळं होतं आणि टिटॅनियमची घाई कमी होते. उरलेलं पाणी सगळ्यांत शेवटी, सावकाश. जेल होण्याआधी द्रावण गढूळ झालं तर तो प्रयोग तिथेच थांबवा, टिटॅनियम वेगळं पडलंय.

वाळवताना साध्या बाष्पीभवनात छिद्रं आकसतात आणि टिटॅनियम आत गाडलं जातं. अतिक्रांतिक (द्रव-वायू भेद मिटलेल्या) कार्बन डायॉक्साइडची सोय असेल तर ती वापरा. ३१ अंश सेल्सिअस आणि ७४ बारच्या वर काम होतं, इतक्या कमी तापमानाला टिटॅनियम हलत नाही. इथेनॉलच्या अतिक्रांतिक अवस्थेसाठी २४१ अंशांच्या वर जावं लागतं आणि तिथे ॲनाटेज सुटून निघण्याचा धोका असतो. भाजताना कोरडी हवा, तापमानवाढ मिनिटाला एक अंश. भट्टीतली वाफ टिटॅनियमला जाळ्यातून बाहेर काढते, हे बहुतेकांच्या ध्यानात येत नाही. याहून खात्रीची वाट हवी असेल तर रुंद छिद्रांच्या तयार, वाळवलेल्या सिलिकावर टिटॅनियम चढवा. माशमेयर, रे, शंकर आणि थॉमस यांनी १९९५ मध्ये टिटॅनोसीन डायक्लोराइड वापरून एमसीएम-४१ च्या भिंतींवर एकटं टिटॅनियम बसवलं. त्यात सगळं टिटॅनियम पृष्ठभागावरच येतं, गाडलं जाण्याचा प्रश्नच उरत नाही.

मिथिलीन ब्ल्यूबद्दल थोडक्यात. एकटं टिटॅनियम २२० नॅनोमीटरजवळ शोषतं, आणि तुमचा दिवा ३६५ नॅनोमीटरचा आहे. त्या प्रकाशाला ते टिटॅनियम दिसतच नाही. ॲनाटेजचा बँड गॅप (प्रकाशाने इलेक्ट्रॉन उचलायला लागणारी किमान ऊर्जा) ३.२ इलेक्ट्रॉन व्होल्ट, म्हणजे ३८७ नॅनोमीटर, म्हणून ५० टक्क्यांचा नमुना जिंकला. तिथे सिलिकाचं काम वेगळं असतं: ती ॲनाटेजचे कण लहान ठेवते, रुटाइल होणं लांबवते आणि रंगरेणूंना कणांजवळ आणून धरते. अँडरसन आणि बार्ड यांना १९९५ मध्ये ३० टिटॅनिया ७० सिलिका या मिश्रणाने ऱ्होडामिन ६जी शुद्ध टिटॅनियापेक्षा जलद विघटित झाल्याचं आढळलं. पण इथे एक पक्की चाचणी करून घ्या. सिलिकाचा पृष्ठभाग साध्या पाण्यात ऋण प्रभारित असतो आणि मिथिलीन ब्ल्यू धन, त्यामुळे ते नुसतं चिकटूनही द्रावण फिकं पडतं. अंधारात समतोल होईपर्यंत ढवळून मगच दिवा लावा, नाहीतर शोषणालाच विघटन समजाल.

शेवटी तुमच्या पुढच्या फेरीबद्दल. ३० आणि ५० टक्के एपॉक्सिडेशनच्या मालिकेतून काढून टाका आणि १, २, ३, ५ मोल टक्के असे नवे नमुने वर सांगितल्या क्रमाने करा. रूपांतरणाचे टक्के मांडू नका. दर मोल टिटॅनियममागे दर तासाला किती मोल एपॉक्साइड आणि डायॉल मिळालं ते मांडा, सुरुवातीच्या काळातलं. टिटॅनियम वाढवत गेल्यावर हा आकडा जिथे घसरू लागेल, तिथे तुमच्या कृतीने टिटॅनियमला टोळक्यात ढकलायला सुरुवात केलेली असते. तेच तुमचं प्रमाण, ते दुसऱ्या कुणाच्या निबंधातून मिळणार नाही. प्रत्येक चांगल्या नमुन्यावर गरम गाळणीची चाचणी करा: ३० टक्के रूपांतरणाला उत्प्रेरक अभिक्रियेच्याच तापमानाला गाळा आणि गाळलेलं द्रावण पुढे चालू ठेवा. अभिक्रिया पुढे सरकली तर टिटॅनियम विरघळून काम करतंय. थंड करून गाळलंत तर विरघळलेलं टिटॅनियम परत उत्प्रेरकावर बसू शकतं आणि चाचणी खोटी ठरते. आणि कुठलंही मिश्रण ऊर्ध्वपातनाला किंवा आटवायला लावण्याआधी त्यात पेरॉक्साइड उरलेलं नाही हे पट्टीने तपासा, दर वेळी. पहिलं काम म्हणून आजच्या १० टक्क्यांच्या नमुन्याचा निर्जल अतिनील वर्णपट आणि रामन घ्या. २१५ चा पट्टा किती आणि ३०० पलीकडची शेपूट किती, हे कळल्यावर कृतीतली कोणती पायरी आधी बदलायची ते मला नेमकं सांगता येईल.